घंगाळाची साक्ष

ठण्ण!

पितळी घंगाळ दुकानाच्या फरशीवर आदळल्याचा तो आवाज मार्तंडकाकांच्या कानातून पन्नास वर्षं गेला नव्हता. आदळणारे होते गिऱ्हाईक दौलतमामा आणि चूक होती काकांची. फलटणच्या ‘सोनझळ भांडार’मध्ये भांड्यांवर नावं घालायच्या कामाला ते तेव्हा नुकतेच लागले होते. काय चूक केली, ते पुढे येईलच.

आता त्याच दुकानावर संकट आलं होतं. दुकान काढणाऱ्या आजोबांची नात कालिंदी हल्ली गल्ल्यावर बसे. तिनं दुकानाच्या नावानं वेबसाइट काढली, तांबे-परातींना लांबलांबून मागणी येऊ लागली आणि पाठोपाठ पुण्याहून नोटीस आली. ‘सोनझळ किचनवेअर’ नावाच्या बड्या कंपनीची. सोनझळ हा आमचा नोंदलेला ट्रेडमार्क आहे. वेबसाइटचा पत्ता पंधरा दिवसांत आमच्या हवाली करा आणि दुकानाची पाटीही उतरवा!

कालिंदीनं माळ्यावरचे जुने कागद काढले. वाळवीनं त्यांची पार चाळण केली होती.

“काका, निम्मी गिऱ्हाइकं त्या पत्त्यावरून येतात. तो गेला की दुकान मिटलं.”

“मालक कोण म्हणे कंपनीचा?”

“कुणी अण्णासाहेब खटावकर.”

काकांची हातोडी हवेतच थांबली. “खटावकर काय? मग मीपण येतो पुण्याला.”

“तुम्ही काय बोलणार तिथं?”

“बोलणार नाही गं. ऐकीन.”

रविवारी दोघं अण्णासाहेबांच्या बंगल्यावर पोचली. अण्णासाहेब झोपाळ्यावर, शेजारच्या खुर्चीत त्यांचे वकील. काका कडेच्या बाकावर टेकले, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन.

“आमचं दुकान १९६८ पासूनचं आहे,” कालिंदी म्हणाली. “तुमच्या कंपनीच्या कितीतरी आधीचं.”

“दाखवा पुरावा,” वकील म्हणाले. “नाव आधीपासून वापरात होतं हे दिसलं, तर कायदाही तुमचं ऐकेल.”

“कागद वाळवीनं खाल्ले. पण सगळी बाजारपेठ सांगेल.”

अण्णासाहेब हसले. “बाजारपेठ तुमची, माणसं तुमची. ती तुमच्यासारखंच बोलणार. असं करा पोरी, माझ्याच घरातला साक्षीदार आणा. माझ्या छपराखाली राहणारा, पण बोलेल तुमच्या बाजूनं! आणलात तर पत्ता तुमचा, पाटी तुमची.”

कालिंदीचा चेहरा उतरला. वकिलांनी पिशवीतून सहीचा कागद काढला.

तेवढ्यात काका हळूच म्हणाले, “साहेब, नाव मात्र झकास शोधलंत. असं नाव दुसऱ्या कुणाला सुचायचं नाही.”

“नाहीच सुचायचं!” अण्णासाहेब खुलले. “एक्क्याण्णव साली कंपनी काढायची होती. ज्योतिषी झाले, जाहिरातवाले झाले, एक नाव पटेना. आणि एका सकाळी आंघोळ करता करता आपोआप ओठांवर आलं. सोनझळ!”

“आंघोळ नळाखाली की घंगाळातून?”

“हा काय प्रश्न झाला, काका?”

“म्हातारा माणूस, विचारलं आपलं.”

“घंगाळातूनच. आजसुद्धा. बायकोच्या लग्नातलं आहे. तीन घरं बदलली, घंगाळ नाही सोडलं.”

“मग साक्षीदार न्हाणीघरात बसलाय, साहेब. बोलवा त्याला बाहेर.”

वकील फिसकन हसले. पण दारात चहा घेऊन आलेल्या अण्णासाहेबांच्या पत्नी सुमनबाई हसल्या नाहीत. त्यांनी काकांकडे निरखून पाहिलं, ट्रे ठेवला, आत गेल्या आणि मोलकरणीला मदतीला घेऊन घंगाळ बाहेर घेऊन आल्या. काठाला एक पोचा होता. काकांनी पिशवीतली चिंच काढून घंगाळाचं पोट घासलं. काळवंडलेली अक्षरं उजळली.

“वाचा, वकीलसाहेब. मी अक्षरं कोरतो, पण वाचायला मला वेळ लागतो.”

वकिलांनी चष्मा सावरला. “सोनझळ भांडार, बाजारपेठ, फलटण. तारीख ११-५-१९७५. चि. सौ. कां. सुमन हिस सप्रेम भेट...” ते थांबले. “पुढे काही नाही. पण भेटीच्या भांड्यावर दुकानाचा पत्ता कोण घालतं?”

“मी,” काका म्हणाले. “नवीन होतो. मालकांनी मजकूर लिहून दिला तो दुकानाच्या छापील चिठ्ठीवर. मी वरपासून जे दिसलं ते सगळं कोरलं. बाईंच्या मामांचं नाव यायच्या आत जागा संपली. दौलतमामांनी घंगाळ आपटलं, पण भाचीच्या लग्नाचा मुहूर्त गाठायचा होता, तसंच घेऊन गेले. भाची खटावकरांकडे दिलीय, हे तेव्हाच ऐकलं होतं. नाव घातलेलं भांडं कुणी दुसऱ्याला देत नाही, साहेब. म्हणून इथंच असणार, ठाऊक होतं.”

अण्णासाहेब घंगाळाकडे बघतच राहिले. “म्हणजे मला सुचलं ते...”

“सुचलं नाही, साहेब. सोळा वर्षं रोज सकाळी समोर होतं.”

अण्णासाहेबांनी सुमनबाईंकडे पाहिलं. “तुला माहीत होतं?”

“मला विचारलंत कधी? ज्योतिषाला विचारलंत.”

मग अण्णासाहेब जे हसले, त्यानं झोपाळ्याच्या कड्या वाजू लागल्या! त्यांनी नोटीस फाडली. “पत्ता तुझा, पाटी तुझी. पण पोरी, माझ्या कंपनीला ते नाव राहू देशील ना?”

“राहू दे,” कालिंदी म्हणाली. “पण कुठून घेतलं, ते तुमच्या वेबसाइटवर पहिल्या ओळीत लिहायचं.”

“लिहितो! आणि लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायचं आमचं सगळं काम आजपासून तुमच्याकडे. काका, तुम्हांला काय देऊ?”

“पाच मिनिटं द्या,” काका म्हणाले. “काम अर्धं राहिलंय.”

त्यांनी पिशवीतून छिन्नी-हातोडी काढली आणि काठाखालच्या चिंचोळ्या जागेत बारीक अक्षरं ठोकायला घेतली. टिक, टिक, टिक. ‘मामा दौलतराव यांजकडून.’

सुमनबाईंनी पुढे होऊन त्या अक्षरांवरून पदर फिरवला. एकदा, दोनदा. मग कुणाची मदत न घेता घंगाळ उचलून पोटाशी धरलं आणि आत निघून गेल्या.