सोनेरी पानाची पाठ

डोंगराच्या उतरणीवर, हिरड्या-बेहड्यांच्या दाट जंगलात एक तरुण शेकरू राहत असे. घरटे विणायची विद्या शिकायची म्हणून माघ महिन्यात ते नदीकाठच्या शाळेत दाखल झाले. त्या शाळेत सुगरण शिकवायची आणि मोर शाळेचा प्रमुख होता. निघताना आईने शंभर हिरडे बांधून दिले, कारण त्या जंगलात हिरडा हेच नाणे. "यातले साठ परीक्षेच्या फीचे," आई म्हणाली. "त्यांना हात लावायचा नाही. चाळीस तुझ्या पोटाला. उपाशी राहिलास तरी मी काहीतरी करीन, पण फी चुकली तर वर्ष गेलं म्हणून समज."

शाळेच्या आवारातच एका कोल्ह्याने मांडव घातला होता. आवारात, बरं का मुलांनो, बाहेर रस्त्यावर नव्हे. शेकरू दिसताच तो लगबगीने उठला.

"या साहेब, बसा. तुमच्या नावाचं सोनेरी पान तयारच आहे."

शेकरूला आजवर कुणी साहेब म्हटले नव्हते. ते बसले.

"हे पान जंगलातल्या कुठल्याही दुकानात दाखवायचं आणि हवं ते उचलायचं," कोल्हा म्हणाला. "दुकानदाराला हिरडे मी देतो. तुम्ही मला पौर्णिमेला द्या. शंभरापर्यंत मोकळीक. आणि आज घेतलंत तर हे मोरपीस फुकट."

"मोरपिसाचं मी काय करू?"

"डोक्यात खोवा. वर्गात सगळ्यांच्या डोक्यात आहे, तुमचंच तेवढं रिकामं."

पलीकडे जांभळीच्या मुळाशी एक मुंगीही पाने देत बसली होती. तिची पाने साधी, हिरवी. तिच्याकडे गर्दी नव्हती. शेकरू सहज तिकडे डोकावले, तर तिने पहिलाच प्रश्न टाकला, "घरून किती मिळतात? खर्च किती होतो?"

"तुम्हाला कशाला हव्यात या चौकशा, मुंगीमावशी?"

"कारण तुला पंधराच्या वरचं पान द्यायचं नाही. पौर्णिमेला पंधराच्या पंधरा मोजून घेईन. एक जरी कमी पडला तरी पान बंद."

"कोल्हेकाका शंभराचं देतात, आणि काही विचारतसुद्धा नाहीत."

"म्हणून तर तिकडे रांग लागलीय," मुंगी म्हणाली आणि आपल्या कामाला लागली.

शेकरूला अपमान वाटला. ऐपत विचारली की तरुणांना अपमान वाटतो, हे कोल्ह्याला पक्के ठाऊक असते. शेकरूने सही करून सोनेरी पान घेतले, मोरपीस खोवले आणि बाजारात गेले. रेशीमकिड्याच्या कोशांची मऊ गादी घेतली. साळिंदराच्या दुकानातून विणायच्या सुया घेतल्या, तेवढी एक खरेदी कामाची. मग मित्र म्हणाले, "पान मिळालं, पार्टी कुठाय?" तेव्हा सगळ्या वर्गाला मोहाची फुले खिलवली. पौर्णिमेपर्यंत शंभर पुरे झाले.

पौर्णिमेला शेकरू मांडवात गेले. फीला हात लावायचा नव्हता आणि पोटाचे हिरडे निम्मे उरले होते.

"अहो, सगळे शंभर कोण मागतंय?" कोल्हा हसून म्हणाला. "पाच द्या. बाकीचे राहू द्यात. आपण काय परके आहोत?"

शेकरूला गहिवरून आले. त्याने घरी निरोप धाडला, की आई, इथे कोल्हेकाका म्हणून फार भला प्राणी भेटला आहे.

मुलांनो, इथे थोडे थांबतो. माझा जन्म दुकानाच्या गादीवर गेला. उधारी मी दिली आहे, घेतलीही आहे, आणि उधारीला मी वाईट म्हणत नाही. पण आमच्या पेठेत एक कापडवाला होता. घरात नवी सून आली की तिला तो पहिल्या सणाला भारीतली साडी द्यायचा. किंमत सांगायचा नाही. "पैशाचं काय वहिनी, सावकाश द्या," म्हणायचा. एकीने त्या साडीचे पैसे मुलीच्या बारशापर्यंत फेडले, आणि साडी तोवर गोधडीत गेली होती. देणेकऱ्याला लवकर मोकळे करतो तो व्यापारी. 'सगळे नको, थोडेच दे' म्हणतो त्याचा धंदा वेगळा असतो.

त्या दिवसापासून शेकरूने पानावर एक बोरही घेतले नाही. दर पौर्णिमेला न चुकता पाच हिरडे नेऊन दिले. तीन पौर्णिमा झाल्या, तेव्हा त्याने विचारले, "काका, पंधरा फिटले. आता पंच्याऐंशी राहिले ना?"

"एकशे नऊ," कोल्हा म्हणाला.

"वाढले कसे?"

"तुमचे पाच वजा केले, उरलेल्यांवर माझे आठ चढले. दर पौर्णिमेला तसंच. तुम्ही शिकलेले, तुम्हाला काय सांगायचं."

शेकरूची झोप उडाली. आता परीक्षा पास होऊन कुणाचे तरी घरटे विणून द्यायचे आणि हे फेडून टाकायचे, असे त्याने ठरवले. दिवसभर ते गाठी मारत बसे. या नादात चौथी पौर्णिमा उलटली आणि पाच हिरडे पोचायला दोन दिवस उशीर झाला. धावत मांडवात गेले, तर ते पाच हिरडे परत ढकलून कोल्हा म्हणाला, "एकशे नऊ, वर उशिराचा दंड अकरा. एकशे वीस. त्यातले साठ तुमच्या ढोलीतून आज सकाळी आणले. साठ राहिले."

"ते फीचे होते."

"असतील. पान उलटा ना."

शेकरूने पहिल्यांदाच पान उलटले. पाठीवर मुंगीच्या अंड्याएवढ्या अक्षरांत सगळे लिहिलेले होते. शंभराला आठ. एक पौर्णिमा चुकली तर दंड, आणि ढोलीतले उचलायचा हक्क. कोल्हा या एका बाबतीत खोटे बोलला नव्हता. तो फक्त गप्प बसला होता, आणि माझ्या मते ते लबाडीपेक्षा जास्त लबाड आहे.

शेकरू मोराकडे गेले. सोबत सुगरणबाई होत्या.

"तू आता लहान नाहीस," मोर म्हणाला. "सही करण्याआधी वाचायचं असतं. शाळा तरी काय करणार?"

"शाळा मांडव उठवू शकते," सुगरण म्हणाली. "कोल्ह्याला आवारात जागा दिली कुणी?"

"मुलांची सोय म्हणून दिली."

"आणि मुलांनी घेतलेल्या प्रत्येक पानामागे आपल्याला किती मिळतं?"

मोराने ठिकठिकाणी पिसे उपटलेला पिसारा उघडला आणि हळूहळू पाठ फिरवली. मांडवातली मोरपिसे कुठून येत होती, ते त्या क्षणी सगळ्यांनी पाहिले.

शेवटी आई आली. पावसाळ्यासाठी साठवलेले साठ हिरडे तिने गालात भरभरून आणले. एका खेपेला चार, अशा पंधरा खेपा. कोल्ह्याने प्रत्येक हिरडा वाजवून घेतला. शेवटचा हिरडा ठेवल्यावर आई मुलाला इतकेच म्हणाली, "खायचं प्रत्येक पान उलटून बघतोस, पाठीला सुरवंट आहे का म्हणून. हे एकच कसं रे सरळ धरलंस?"

"ते खायचं नव्हतं ना, आई."

"तुला खायचं नव्हतं," आई म्हणाली.

देणे फिटले, पण फी गेली ती गेली. त्या पावसाळ्यात वर्गातली सारी मुले आपापल्या विणलेल्या घरट्यांत निजली आणि मायलेकरे अर्ध्या पोटी एका ढोलीत बसून राहिली. पुढच्या माघात शेकरू पुन्हा पहिल्या गाठीपासून शिकायला बसले. आता ते विणकर चांगले आहे असे म्हणतात, पण एक वर्ष आणि आईचा एक पावसाळा त्याला कोणी परत दिला नाही. कोल्ह्याचे काय झाले म्हणाल, तर काहीही झाले नाही. सुगरणीने आरडाओरडा केला म्हणून त्याने इथला मांडव उठवला आणि दोन ओढे पलीकडे दुसऱ्या शाळेच्या आवारात नेऊन घातला. तिथेही प्रमुख मोरच आहे. उद्या तुम्ही कॉलेजात जाल आणि कुणीतरी तुम्हाला साहेब म्हणून पहिले क्रेडिट कार्ड पुढे करील, तेव्हा तो कुणाच्या अंगणात बसला आहे तेही बघून ठेवा.

तात्पर्य : जो उधार देताना तुमची ऐपत विचारत नाही, तो वसूल करताना तुमची अडचणही विचारत नाही.