वेशीवरचा डब्यांचा कंदील

फार पूर्वीची नव्हे, अगदी अलीकडची गोष्ट. घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक चौकस बाई राहत असे. तिचं खरं नाव यमुना, पण सगळे तिला चौकसकाकूच म्हणत. मांजर कुठं व्यालं, शेजारणीनं भाजीत काय घातलं, चंद्र आज उशिरा का उगवला, सगळं तिला कळायलाच हवं! नाही कळलं तर जेवण जात नसे बिचारीला.

गावाच्या वर एक धबधबा होता. तिथं बाहेरगावचे लोक सहलीला येत, कोल्ड्रिंक पीत आणि रिकामे डबे वाटेवरच भिरकावत. पत्र्याच्या धारदार कडांनी गुरांचे पाय कापत.

त्या गावात एक रीत होती. वसुबारसेला, गुरं रानातून परतायच्या वेळी, गावातला सर्वांत देखणा आकाशकंदील वेशीवर चढायचा. ज्या घरचा कंदील, त्या घरची वर्षभर ऐट! चौकसकाकूचा कंदील आजवर एकदाही चढला नव्हता. ती ते हसण्यावारी न्यायची, पण मनातून तिला फार लागायचं.

यंदा पाटलीणबाईंनी दवंडी पिटवली, "कंदील करायचा तो कोल्ड्रिंकच्या डब्यांचाच. वाट साफ होईल आणि वेसही सजेल."

झालं! चौकसकाकू पोतं घेऊन निघाली. डबे वेचले, राखेनं घासले. डब्याला उभ्या चिरा द्यायच्या, वर-खाली बोटभर पत्रा सोडायचा आणि मग दोन्ही तळव्यांनी अलगद दाबायचं. पट्ट्या अशा काही बाहेर फुगल्या की काकू स्वतःच टाळ्या पिटायला लागली. पण वाटेवरचे डबे पडले चेपलेले. एक पट्टी इकडं, एक तिकडं. कंदील झाला, पण रुसलेल्या पोरासारखं त्याचं तोंड वाकडं.

शेजारच्या सराफीणबाईंचा कंदील मात्र लखलखत होता. घरोघरी तसेच लखलखते कंदील. काकूला कौतुक वाटलं आणि लगेच प्रश्नही पडला. एवढे कंदील झाले, मग वाटेवरचा ढीग होता तेवढाच कसा? काकूच्या जिवाला चैन पडेना.

त्यातच आणखी एक नवल. देवळात कीर्तन रंगात आलं होतं आणि एका आजोबांनी खणखणीत ढेकर दिला. मग एका आजींनी. मग चक्क बुवांनी! गावभर ज्याला पाहावं तो ढेकर देतोय. "अगंबाई, सगळ्या गावाचं पोट एकदम कसं बिघडलं?" काकू पुटपुटली. "पाणी कुठंतरी मुरतंय खास."

ती तडक वाण्याच्या दुकानात गेली. तिथं नव्याकोऱ्या भरलेल्या डब्यांची ही रास!

"या काकू, तुम्हीच तेवढ्या राहिलात," वाणी हसला. "आतलं प्या नाहीतर ओता. डबा बघा कसा आरशासारखा. सगळं गाव इथूनच नेतंय."

गावभरचे ढेकर कुठून येताहेत, ते काकूला उमगलं. तिनं एक डबा हातात घेतला. गार, गुळगुळीत, एक पोचा नाही. याचा कंदील किती सुरेख होईल! वेस डोळ्यांपुढं आली. तिचा हात काही केल्या डबा सोडेना. मग तिला वाटलं, 'हा मी नेला, तर वाटेवरचा एक तिथंच राहणार की. आणि दिवाळी झाली की हाही तिथंच जायचा.' तिनं डबा परत ठेवला. ठेवताना डोळे भरून आले, ते तिनं पदरानं पुसले.

घरी जाताना तिनं सराफीणबाईंना सांगितलं. "अहो, कंदील सगळे नव्या डब्यांचे, वाटेवरचा ढीग तसाच आहे ना."

"काकू, कंदील डब्यांचा मागितला, तो डब्यांचाच केलाय," सराफीणबाई म्हणाल्या. "तुमचा जमला नाही, त्याला आम्ही काय करणार?"

काकू आल्या पावली वळली. पुन्हा पोतं घेऊन वाटेला लागली. पण एकटी बाई वेचून वेचून किती वेचणार?

वसुबारस उजाडली. संध्याकाळी सारं गाव वेशीपाशी जमलं. पाटलीणबाईंनी सराफीणबाईंचा कंदील उचलला, टाळ्या पडल्या. इतक्यात गुरं आली. सगळ्यांत मागं सराफीणबाईंची गाय, सारखी वळून हंबरत होती. तिच्यामागून तिचं वासरू लंगडत आलं. खुराजवळ पत्र्यानं चिरलं होतं, रक्त थांबत नव्हतं.

सराफीणबाईंच्या हातात पूजेचं ताट होतं. ते त्यांनी खाली ठेवलं आणि वासराचा पाय मांडीवर घेऊन त्या तिथंच मातीत बसल्या. "माझा कंदील नका लावू," त्या हुंदके देत म्हणाल्या. "वाटेवरचा एक डबा उचलला नाही मी. एकसुद्धा!"

वाटेवरून कोणी काय उचललं होतं? जो तो खाली बघू लागला.

"यमुने, तुझा आण," पाटलीणबाई म्हणाल्या.

इतक्या वर्षांनी हे शब्द कानांवर पडले!  पण काकूनं मान हलवली. "आज नको, पाटलीणबाई. वाट अजून तशीच आहे. कंदील लावला तर ती साफ झाल्यासारखं दिसेल."

त्या रात्री वेस अंधारात राहिली. सकाळी मात्र घरोघरची माणसं पोती घेऊन घाट चढली. सराफीणबाई सगळ्यांच्या पुढं होत्या. डबे वेचता वेचता त्यांनी विचारलं, "काकू, चेपलेल्या डब्याला चिरा कशा देता हो?"

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी काकूचा वाकडा कंदील वेशीवर चढला. गुरं त्याखालून आली आणि एकाही पायाला ओरखडा नव्हता.

तात्पर्य एवढंच: टाकाऊतून शोभा करायची, तर हात आधी टाकलेल्या वस्तूकडे जायला हवा; शोभेपायी नवा कचरा आणला, तर वाट होती तशीच राहते.