आवडाबाईच्या मडक्यातला मासा

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून कान देणाऱ्या मोठ्यांनो, फार जुन्या काळची ही गोष्ट. एका खाडीकाठी एक गाव होतं. माशाशिवाय त्या गावाच्या घशाखाली घास उतरत नसे.

खाडीतले मासे कमी झाले, तशी गावाने जाळी बारीक विणली. मग पिल्लंही संपत आली. अखेर गावजेवणाच्या दिवशी जाळ्यात एकच मासा आला. भलामोठा जिताडा, तोही गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरलेली मादी.

गावची स्वयंपाकीण आवडाबाई विळी घेऊन बसली, तोच मासा बोलला, "बाई, या खाडीत अंडी घालणारी मी एकटीच उरले. मला कापलंस तर आजचं जेवण होईल. पुढे काय खाल?"

"आणि बाहेर पंगत बसलीय, तिला काय वाढू?"

"आज भात-आमटी वाढ. माझ्या शेपटीजवळचा चिमूटभर तुकडा काढून घे. माझी जखम भरून येईल. मांसाला वाढणं ठाऊक असतं. त्याला ऊब दे, खायला दे, ते मडक्यातही वाढेल."

आवडाबाईने तुकडा घेतला आणि मासा खाडीत सोडून दिला.

गावचा पाटील कडाडला, "पंगतीच्या तोंडचा घास पाण्यात सोडलास? पुढच्या गावजेवणाला मासा वाढ, नाहीतर या चुलीला पुन्हा हात लावायचा नाही!"

एकट्या बाईला त्या चुलीखेरीज होतं कोण? तिने शेवाळाचा काढा केला आणि तुकडा त्यात ठेवला. तो कुजला. घरभर दुर्गंधी सुटली. रडत ती खाडीवर गेली.

मासा वर आला. "मडकं उकळलं होतंस का?"

"नाही गं."

"अगं, उष्ट्या भांड्यात तू दही तरी लावतेस का?"

आवडाबाईला रडता रडता हसू आलं. माशाने पुन्हा एक तुकडा दिला. या वेळी तिने मडकं उकळलं, काढा उकळून कोमट केला, वर स्वच्छ फडकं बांधलं. चुलीच्या उबेला ठेवून ती रोज काढा बदलत राहिली. तुकडा फुगला, वाढला. तिने तो वाटून आणखी मडक्यांत घातला. तीही भरली.

गावजेवण आलं. पानात कालवण पडलं, पण हात कुणाचा हलेना.

"याला डोकं नाही, काटा नाही. हा कसला मासा?" पाटील म्हणाला.

"त्याच माशाच्या तुकड्यातून वाढलेला," आवडाबाई म्हणाली.

तेवढ्यात पाटलाच्या बोळक्या आईने घास घेतला. काट्याच्या भीतीने म्हातारीने कित्येक वर्षं मासा तोंडात घातला नव्हता. तिने डोळे मिटले, सावकाश चघळलं आणि पान पुढे सरकवलं. "चव तीच आहे रे. आवडे, आणखी वाढ!"

पंगतीत हसू फुटलं. पाटीलही जेवला, पोटभर जेवला. मग त्याने उठून बारीक जाळी स्वतःच्या हाताने कापून टाकली.

काही काळाने खाडी पिल्लांनी चमचमू लागली. काठावर उभ्या आवडाबाईने कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेतला. चूल तिची राहिली होती, आणि खाडी साऱ्यांची.

म्हणून सांगतो: भूक भागवताना जो अन्नाचं मूळ राखतो, त्याच्या पानात उद्याही घास असतो.