बंगलेवालीची पिल्लं

एका जंगलाच्या काठावर, करंजाच्या झाडाखाली, कोणाचीच नसलेली एक कुत्री राहत असे. ती टेरियर जातीची होती. आखूड पाय, तोंडावर दाढीसारखे राठ केस आणि ताठ उभी शेपटी. जंगलात असला प्राणी कोणी पाहिला नव्हता. कोल्हा म्हणाला, "ही माझ्या नात्यातली नाही." मुंगूस म्हणालं, "माझ्याही नाही." मग ती पलीकडच्या बंगल्यातून आली आहे असं कळलं आणि सगळे तिला बंगलेवाली म्हणू लागले.

खरं तर ती आली नव्हती, तिला आणून सोडलं होतं. मुलांनो, टेरियरचा जन्मच मुळी जमीन उकरण्यासाठी असतो. मातीखाली उंदीर खुडबुडला की त्यांच्या पंजांना राहवत नाही. बंगलेवालीलाही राहवलं नाही आणि एके दिवशी तिने गुलाबाचा अख्खा वाफा उपसून ठेवला. मालकाने तिला गाडीत घातलं, जंगलाच्या तोंडाशी उतरवलं आणि गाडी वळवली. ती धुरळ्यामागे दम संपेपर्यंत धावली. मग परत येऊन करंजाखाली बसली. तिच्या पोटात पिल्लं होती. तिने मनाशी ठरवलं, 'माझ्या एकाही पिल्लावर अशी वेळ येऊ द्यायची नाही.' हे तिने कोणाला सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून तिने स्वतः एक चिमूटभरसुद्धा माती उकरली नाही.

पिल्लं झाली त्या सकाळी करंजाखाली जत्रा भरली होती. शेळीमावशी सुईण म्हणून करंजाच्या बुंध्यातल्या ढोलीत बसली होती. बाहेर मुंगूस अशा येरझाऱ्या घालत होतं की जणू त्यालाच पिल्लं होणार आहेत. आत बारीकसं 'कुंई' झालं की बाहेर सगळे माना उंच करत.

"झालं का?" म्हातारी म्हैस विचारी.

"एक झालं. गर्दी करू नका."

थोड्या वेळाने पुन्हा 'कुंई'.

"आता झालं का?"

"दुसरं झालं. म्हैसआजी, तुमचं शिंग आत येतंय, ते आधी बाहेर घ्या."

तिसरं पिल्लू बाहेर आलं ते ओरडतच. डोळे मिटलेले, कान चिकटलेले, पण आवाज असा की झाडावरचे बगळे उडाले. "हा तर डांगोराच पिटतोय," म्हैस म्हणाली, आणि त्या पिल्लाचं नाव डांगोरा पडलं.

बाळंतविडा घेऊन सगळे येऊ लागले. शेळीमावशीने बाभळीचा डिंक आणला. बाळंतिणीला डिंक चांगला, म्हणून बंगलेवालीने तो मुकाट्याने खाल्ला आणि दुपारपर्यंत तिचे दात एकमेकांना चिकटून राहिले. सशिणीने गवताची मऊ गादी आणली. म्हशीने दूध देऊ केलं. कोणी तरी आपल्याला आणून देतं आहे, याचंच बंगलेवालीला नवल वाटत होतं.

पिल्लांचे डोळे उघडले. आधी ती धडपडली, मग रांगली, मग एके दिवशी एकदम पळतच सुटली. आता कोण कसं आहे ते दिसू लागलं. डांगोरा पान पडलं तरी भुंके. दोन बहिणींपैकी थोरलीने काहीही तोंडात धरलं की ती ते सोडत नसे. एकदा तिने म्हशीची शेपटी धरली आणि म्हैस ओढ्यापर्यंत जाऊन पाणी पिऊन आली तरी ती लोंबकळतच होती. तिचं नाव चिमटी पडलं. धाकटी दिसेल तिथे उकरी. तोंड मातीत, पाठ वर आणि मागच्या पायांतून मातीचा फवारा. तिला सगळे कुदळ म्हणू लागले.

जंगलाची एक रीत होती. दूध सुटलं की घर सुटलं. ज्याला पिल्लू हवं त्याने येऊन न्यावं आणि आपल्यात वाढवावं. म्हैस चिखलात एकटीच असे, तिला सोबत हवी होती. शेळीमावशीला करडांबरोबर खेळायला कोणी हवं होतं. सशिणीलाही हवं होतं, पण ती लाजून बोलत नव्हती. जो तो करंजाखाली येऊन विचारी, "दूध सुटलं का?"

अशात एके दिवशी मोर आला. मोर रोज सकाळी बंगल्याच्या हिरवळीवर जाई, त्यामुळे चांगलं काय आणि वाईट काय ते आपल्यालाच कळतं असं त्याला वाटे. कुदळने केलेले खड्डे त्याने वळसा घालून ओलांडले आणि पिसारा झाडला.

"बंगलेवाली, राग मानू नकोस," तो म्हणाला. "तुझ्या जागी आता नवी कुत्री आली आहे. दिवसभर गादीवर बसते. हूं नाही की चूं नाही. तिला कोणी गाडीत घालून सोडायला जात नाही."

बंगलेवालीने पिल्लं पोटाशी ओढली. "मोरभाऊ, मला सोडलं ते तुम्हाला ठाऊक होतं?"

"वाफा उपसलास तेव्हा मी तिथेच होतो. चार दिवस मला किडे शोधायला लागले नाहीत." मोराने मान वाकडी करून पिल्लांकडे पाहिलं. "पण असली पिल्लं घरात कोण ठेवून घेईल? आज हौसेने नेतील आणि उद्या आणून टाकतील."

त्याच दुपारपासून करंजाखाली नवी शिस्त सुरू झाली. डांगोऱ्याने तोंड उघडलं की बंगलेवाली गुरगुरे. चिमटीच्या तोंडातली मुळी ती ओढून घेई. कुदळने खड्डा केला की तो नाकाने बुजवी आणि वर बसून राही.

"आई, खाली काहीतरी हलतंय," कुदळ म्हणे.

"हलू दे."

"थोडंसंच उकरते."

"चांगली पिल्लं उकरत नाहीत."

पिल्लं शिकली. आईवर त्यांचा जीव होता, म्हणून फार लवकर शिकली. ओळीने बसू लागली. शेपट्या खाली गेल्या. म्हैस आली तरी कोणी तिच्या पायांत आलं नाही. शेळीमावशीने काळजीने विचारलं, "अगं, बरं नाही का यांना?"

"बरं आहे की. शहाणी झाली आहेत," बंगलेवाली म्हणाली.

पण दुपारी पिल्लं झोपली की झोपेतही कुदळचे पुढचे पंजे हलत. बंगलेवाली ते आपल्या हनुवटीखाली दाबून धरी आणि हलायचे थांबेपर्यंत तशीच पडून राही.

दूध सुटलं. पिल्लं न्यायचा दिवस उजाडला. सकाळपासून नुसती धांदल. करडं एकमेकांच्या अंगावर उड्या मारत होती, मुंगूस स्वतःला पिल्लू न्यायचं नसतानाही मानपान बघत होतं, आणि मोर सगळ्यांत उंच दगडावर जाऊन बसला होता. बंगलेवालीने पिल्लांना चाटून लख्ख केलं आणि ओळीत बसवलं. पिल्लं बसली. हलली नाहीत की बोलली नाहीत.

"वा," मोर म्हणाला. "चित्रासारखी."

म्हशीने जवळ येऊन डांगोऱ्याला हुंगलं. "चित्र आमच्या चिखलात टांगणार कुठे? ए बंगलेवाली, तो ओरडणारा कुठे गेला? मला तो हवा होता."

"हाच तो, आजी."

"हा? हा तर फुंकर मारली तरी पडेल." म्हशीने तोंड फिरवलं. शेळीमावशीही घुटमळली. करडांनी चिमटीला दोनदा ढुशी दिली, पण ती समोर बघत तशीच बसली. करडं कंटाळली.

बंगलेवालीला काही कळेना. इतकी चांगली वागत होती पिल्लं, आणि तरी कोणीच पुढे येत नव्हतं.

तेवढ्यात सशीण धापा टाकत आली. तिच्या अंगभर माती होती.

"गव्यांचा कळप गेला," ती म्हणाली. "माझ्या बिळावरून गेला. बीळ खचलं. माझी दोन्ही पिल्लं आत आहेत."

सगळे तिच्या मागे धावले. पाहतात तर दरडीवर बिळाचं तोंड होतं तिथे नुसता ढिगारा. सशिणीने उकरून उकरून नखं रक्ताळून घेतली होती. म्हैस पुढे झाली तशी शेळीमावशी ओरडली, "थांबा, तुमचा एक पाय पडला की उरलंसुरलंही खाली बसेल." मुंगूस एका फटीत शिरलं आणि ठसकत बाहेर आलं. "आत माती भुसभुशीत आहे. कुठल्या बाजूला आहेत तेच कळत नाही."

पिल्लं आईच्या मागे उभी होती. डांगोऱ्याचे कान ताठ झाले होते, पण तोंड मिटलेलं होतं. चिमटी जबडा दाबून उभी होती. कुदळचे पुढचे पंजे झोपेतल्यासारखे हलत होते. तिने वर आईकडे पाहिलं.

"आई, उकरू?"

बंगलेवालीला धुरळा दिसला, वळलेली गाडी दिसली. वरच्या फांदीवरून मोर बघत होता. सगळं जंगल बघत होतं. आता ही उकरणारी जात सुधारलेली नाही हे सगळ्यांना दिसणार, आणि मग एकही पिल्लू कोणी नेणार नाही. मग तिला सशिणीची नखं दिसली.

"उकर," ती म्हणाली. "डांगोऱ्या, ऐक आणि सांग. चिमटे, तू मागे राहा."

डांगोऱ्याने कान जमिनीला लावला. इकडे धावला, तिकडे धावला, एका जागी थबकला आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं भुंकणं एकदम बाहेर आलं. "इथे, इथे, इथे!"

कुदळ त्या जागी तुटून पडली. तिच्या शेजारी बंगलेवाली. माती अशी उडू लागली की मागे उभं राहायची सोय राहिली नाही. मोराच्या पिसाऱ्यावर ढेकळं पडली. थोड्याच वेळात बोगदा इतका अरुंद झाला की बंगलेवाली त्यात मावेना. आत एकटी कुदळच गेली.

"आई, मूळ आडवं आलंय," आतून आवाज आला.

"चिमटे, धर."

चिमटी कुदळच्या बाजूने अंग चोरून आत शिरली, तिने मूळ दातांत धरलं आणि मागे ओढलं. पाय घसरले, पण तोंड सुटलं नाही. काडकन मूळ तुटलं आणि चिमटी मुळासकट बाहेर आली. कुदळने पुढची माती मोकळी केली आणि वाट देण्यासाठी मागे सरकून बाहेर आली. चिमटी आत शिरली आणि सशाचं पहिलं पिल्लू मानेला धरून घेऊन आली. सशिणीने ते चाटलं. त्याने शिंक दिली. जमलेल्या सगळ्यांनी मिळून श्वास सोडला.

चिमटी पुन्हा आत गेली. आणि वरून माती घसरली.

बोगदा दिसेनासा झाला. बाहेर फक्त तिच्या शेपटीचं टोक उरलं. बंगलेवालीने मातीत तोंड घातलं, ती शेपटी दातांत धरली आणि चारी पाय रोवून ओढू लागली. कुदळ बाजूने उकरत होती. डांगोरा भुंकून भुंकून घोगरा झाला होता. म्हैस पुटपुटली, "ओढ गं माझी बाय, ओढ."

आधी शेपटी आली. मग मागचे पाय आले. मग मातीने माखलेली चिमटी आली, डोळे घट्ट मिटलेली. आणि तिच्या तोंडात सशाचं दुसरं पिल्लू होतं. ते कान हलवत होतं. सशीण म्हणाली, "सोड गं बाळ, आता सोड." तेव्हा कुठे चिमटीने सोडलं.

मग जो गलका झाला तो काय सांगावा. करडं नाचली. म्हशीने एकाच चाटण्यात तिन्ही पिल्लं धुऊन काढली. आणि लगेच भांडण लागलं. "तो ओरडणारा माझा," म्हैस म्हणाली, "बिबट्या आला तर मला कोण सांगणार?" शेळीमावशी म्हणाली, "चिमटी मला हवी. माझी करडं कड्याच्या टोकाला जातात. शेपटी धरून मागे ओढणारं कोणी हवंच होतं."

मोर पिसारा झटकत म्हणाला, "मला एक शांत बसणारं चाललं असतं."

"तसलं आता शिल्लक नाही," मुंगूस म्हणालं.

बंगलेवाली मात्र पुढे येऊन उभी राहिली. "एक विचारते. मग न्या." तिने म्हशीकडे पाहिलं. "आजी, हा उगीचच भुंकला तर?"

"तर उठून बघेन. काही नसलं तर पुन्हा बसेन. मला दुसरं काम काय आहे?"

"मावशी, चिमटीने तुमचीच शेपटी धरली तर?"

"तर बोंबलेन," शेळी म्हणाली. "आणि मग सोडवून घेईन."

शेवटी तिने कुदळला जवळ घेऊन उभ्या असलेल्या सशिणीकडे पाहिलं. "ही तुमच्या घरात खड्डे करील. नेहमीच करील. तेव्हा काय कराल?"

सशिणीने रक्ताळलेल्या पंजाने कुदळच्या नाकावरची माती पुसली. "माती बाजूला करीन," ती म्हणाली.

पिल्लं गेली. चिमटी आणि डांगोरा वळून वळून बघत गेले. कुदळने मात्र वाटेत तीन ठिकाणी थांबून उकरलं, आणि तिन्ही वेळा सशीण थांबून राहिली.

बंगलेवाली करंजाखाली परत आली. ढोली रिकामी होती. गवताच्या गादीवर पिल्लांचे खळगे तसेच होते. तिने ते हुंगले. लांब ओढ्याकडून डांगोऱ्याचं भुंकणं ऐकू आलं, आणि पाठोपाठ म्हशीचं शांतपणे "बघते, बघते."

एवढ्यात पायाखाली काहीतरी खुडबुडलं. बंगलेवालीने कान टवकारले. इकडेतिकडे पाहिलं. मग ताठ शेपटी हलवत, ऐन उन्हात, आपल्या स्वतःच्या दारात तिने असा झकास खड्डा केला की माती थेट मोराच्या दगडापर्यंत उडाली.

तात्पर्य : लेकराची जी खोड आपल्याला जाचते, तिच्यातच पुष्कळदा त्याचं बळ असतं, ती मोडू नये, तिला काम द्यावं. आणि लेकरू त्याच घरी द्यावं, जिथे त्याने उडवलेली माती कोणीतरी हसत बाजूला करील.