नावं घालणारी झुंबर

खरं म्हणजे ही गोष्ट मी सांगायची नव्हती. "मोठ्या माणसांच्या गोष्टी बाहेर बोलायच्या नाहीत," असं आईने मला दोनदा बजावलंय, आणि एरवी मी सांगितलेलं ऐकते. पण ही गोष्ट काही पोटात राहत नाही. म्हणून हळू आवाजात सांगते. जरा जवळ सरकून बसा.

केवडेपूर नावाचं एक छोटंसं शहर होतं. शहराच्या कडेने एक ओढा वाहायचा आणि ओढ्याकाठी केवड्याचं बन होतं. कणसं उमलली की त्यांचा वास पार बाजारपेठेपर्यंत यायचा, आणि ओढ्याच्या पाण्यावर पिवळ्याधमक परागांची साय धरायची, असं म्हातारी माणसं सांगत.

झुंबरने ते फक्त ऐकलं होतं. तिला माहीत असलेला वास वेगळाच होता.

झुंबर नऊ वर्षांची. ओढ्याकाठच्या वस्तीत, पत्र्याच्या एका खोलीत आईबाबांबरोबर राहायची. तिचे बाबा, केरू, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचे. एका हातात इवलीशी हातोडी, दुसऱ्या हातात पोलादी टोचणी. टिक, टिक, टिक. ठिपक्याला ठिपका लागायचा आणि वाटीवर, तांब्यावर, डब्यावर माणसांची नावं उमटायची.

"नाव घातलेलं भांडं कितीही घरं फिरू दे," बाबा म्हणायचे, "शेवटी आपल्या घरीच येतं."

पण हल्ली बाबांना अंधुक दिसायचं. म्हणून शाळा सुटली की झुंबरच टोचणी धरायची. तिची अक्षरं अशी बारीक आणि नेटकी, जणू मुंग्यांची शाळा रांगेत चाललीये.

आणि त्यांच्या घरामागे काय होतं? डोंगर. कचऱ्याचा डोंगर! उष्ट्या पत्रावळी, प्लास्टिकचे पेले, फाटक्या गाद्या, कुजकी भाजी, लग्नातल्या हारांचे लगदे. केवड्याचं बन त्याखाली घुसमटून गेलं होतं. ओढा काळा पडला होता. वस्तीतली लहान मुलं सारखी खोकायची. आणि एवढं करून शहर काय म्हणायचं, ठाऊक आहे? "ती ओढ्याकाठची माणसं फार घाण करतात हो!"

कचरा टाकणारे दुसरेच, आणि नाव मात्र वस्तीचं. घंटागाडी सगळ्या शहरातून टिणटिण करत फिरायची, पण वस्तीच्या तोंडाशी आली की मागे वळायची. शाळेत मुली झुंबरजवळ बसताना नाक मुरडायच्या. झुंबर नुसती बघायची.

एका सोमवारी वस्तीच्या खांबावर कागद लागला. खाली सही होती आबासाहेब झगमगे यांची. हे झगमगे म्हणजे 'झगमग मंगल कार्यालया'चे मालक आणि 'सुंदर केवडेपूर समिती'चे अध्यक्ष. झुंबरने बाबांना कागद वाचून दाखवला: ओढ्याकाठची वस्ती घाण करते, म्हणून ती हलवण्यात यावी. निर्णय रविवारी दुपारी चार वाजता, मंगल कार्यालयातल्या सभेत.

"हलवायची म्हणजे कुठे?" आईने विचारलं.

"ते लिहिलेलं नाही," झुंबर म्हणाली.

ती पाण्याचा तांब्या घेऊन घरामागे गेली आणि एका दगडावर मुसमुसत बसली. तेवढ्यात काळ्या पिशवीतून बारीकसा आवाज आला. "ए मुली! रडून झालं की जरा माझा पंख सोडवशील का?"

झुंबरने पिशवी हळूच फाडली. आत होती एक चिमुकली परी! बोटभर उंच, केवड्याच्या पानासारखी निमुळती, पिवळ्या रेशमी झग्याची. पण झगा चिकट झाला होता आणि एका पंखाला प्लास्टिकची दोरी गुंडाळली होती. झुंबरने नखाने दोरी सोडवली. मग तांब्यातलं पिण्याचं पाणी, तेवढंच पाणी घरात होतं, तिने परीच्या पंखांवर थेंब थेंब सोडलं. पंख लखलखले. त्यांच्यातून निळी, गुलाबी, सोनेरी किरणं फुटली.

"मी या बनाची परी," ती म्हणाली. "तीन वर्षं इथे अडकलेय. किती माणसं आली, गेली. सगळ्यांनी माझ्यावर काहीतरी टाकलं. कुणी उचललं नाही. तू पहिली. माग, काय हवं ते माग."

"हा कचरा नाहीसा कर," झुंबर पटकन म्हणाली.

परीने मान हलवली. "नाहीसं काही होत नसतं गं राणी. इथून गेलं की दुसऱ्या कुणाच्या दारात जातं. तसलं मागू नकोस."

झुंबरने विचार केला. तिला बाबांचं बोलणं आठवलं.

"मग ज्याचं आहे त्याच्या घरी जाऊ दे!"

परी खुदकन हसली. तिने आपल्या ओटीतला चिमूटभर पराग काढला आणि झुंबरच्या कमरेला खोचलेल्या टोचणीच्या टोकावर भुरभुरला. टोक चांदणीसारखं चमकायला लागलं.

"आता ज्या वस्तूवर तू नाव घालशील, ती त्या माणसाकडे जाईल. पण तीन नियम आहेत. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल त्याचंच नाव घालायचं. खोटं नाव घातलंस तर ती वस्तू नाव घालणाऱ्याकडेच येईल. दुसरं, काहीही रिकामं परत पाठवायचं नाही."

"आई पण शेजारणीची वाटी रिकामी देत नाही," झुंबर म्हणाली. "साखर तरी घालते."

"अगदी तसंच. आणि तिसरं. कुणी विचारलं, हे कुणी केलं, तर लपायचं नाही. 'मी' म्हणून सांगायचं. टाकणारे लपतात. तू लपायचं नाहीस."

हा तिसरा नियम झुंबरला सगळ्यात अवघड वाटला. पण तिने मान डोलावली.

समोरच एक भिजकी, फाटकी गादी पडली होती. ती कुणाची? शाळेत सगळ्या म्हणायच्या, म्हादबा भंगारवालाच घाण आणून टाकतो. झुंबरने झरझर गादीवर ठिपके टोचले: 'म्हादबा'. रिकामी जायला नको म्हणून आत ओढ्याकाठचे चार शंख ठेवले. गादी उठली, ताठ उभी राहिली, डुलत डुलत निघाली आणि सरळ झुंबरच्याच घरात शिरली!

"अगं बाई!" आतून आई ओरडली. "ही कुणाची ब्याद?"

झुंबरचे कान लाल झाले. आपल्या माणसांवर न बघता आळ घेतात म्हणून ती रडत होती, आणि तिने स्वतः काय केलं होतं? तस्संच!

ती धावत म्हादबाकडे गेली. म्हादबा पोत्यातल्या बाटल्या वेगळ्या करत बसले होते. तिने सगळं सांगितलं, परीसकट.

"माझं नाव घातलंस होय?" म्हादबा मिशीत हसले. "अगं, मी तिथून वेचून आणतो. टाकायला माझ्याकडे आहे काय? माझ्या घरी गादीच नाही."

"चुकलं माझं, म्हादबा."

"चुकलं तर आता डोळे उघडे ठेव. दुपारी बघ. सगळे जेवून लवंडले की टेम्पो येतो. आता सुट्ट्याच आहेत ना तुला?"

दुसऱ्या दिवसापासून झुंबर ओढ्यावरच्या करंजाच्या झाडात बसली. हिरव्या पानांत हिरवं परकर-पोलकं, दिसायचीच नाही. आणि तिला काय काय दिसलं! पांढऱ्या बंगल्यातल्या काकू स्कूटरवरून आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि पिशवी भिरकावून दिली. शाळेत स्वच्छतेचा धडा शिकवणारे सर सायकल न थांबवताच पुडकं टाकून गेले. त्यांना तर त्याचा चांगला सराव होता. आणि टळटळीत दुपारी आला टेम्पो. रोज आला. पोती, पोती आणि पोती! शनिवारी तर लग्नातले थर्माकोलचे दोन मोरही धाडकन खाली आपटले. पुढच्या सीटवर नाकाला अत्तराचा रुमाल लावून कोण बसलं होतं? आबासाहेब झगमगे!

"लवकर आटप रे," ते ड्रायव्हरला म्हणाले. "उद्या सभा आहे. या लोकांना हलवलं की ही सगळी जागा आपल्याला मोकळी."

झुंबरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण या वेळी ते रडण्याचं नव्हतं. रागाचं होतं. तिने टोचणी इतकी घट्ट धरली की तळहातावर वळ उठला.

रविवारी उजाडताच ती कामाला लागली. टिक, टिक, टिक. पोत्यावर 'आबासाहेब झगमगे'. दुसऱ्या पोत्यावर 'आबासाहेब झगमगे'. मोरांवरही तेच. पिशव्यांवर त्या टाकणाऱ्यांची नावं, पुडक्यावर सरांचं. जे पाहिलं नव्हतं त्यावर तिने टोचणी टेकवलीसुद्धा नाही. बोटांना फोड आले. पण आत घालायचं काय? तिने आजूबाजूला पाहिलं. फेकून दिलेल्या हारांतलं बी रुजून कचऱ्यात जागोजागी झेंडूची रोपं वर आली होती. कोवळी, टवटवीत, हिरवीगार. तिने एकेक रोप मुळासकट उचललं आणि एकेका पोत्यात, पिशवीत जपून खोवलं. "चार वाजेपर्यंत थांबा हं," तिने सगळ्यांना बजावलं.

चार वाजता सभा भरली. वस्तीतली माणसं मागे जमिनीवर बसली. आबासाहेब व्यासपीठावर उभे राहिले.

"बंधुभगिनींनो! आपल्या सुंदर शहरात घाण कोण करतं? ही ओढ्याकाठची माणसं!"

टाळ्या पडल्या. आणि दाराशी काहीतरी खसफसलं.

वऱ्हाड आलं होतं! पोत्यांचं वऱ्हाड! गुबगुबीत पोती दोन दोनच्या रांगेत ठुमकत आत शिरली, प्रत्येकाच्या डोक्यावर झेंडूचा तुरा. पत्रावळी गिरक्या घेत आल्या, पेले टुणटुणत आले. पोती पहिल्या रांगेतल्या मखमली खुर्च्यांवर ऐसपैस बसली. थर्माकोलचे मोर उडत व्यासपीठावर गेले आणि आबासाहेबांच्या दोन बाजूंना उभे राहिले. लोक हसायला लागले. पण फार वेळ नाही, कारण पाठोपाठ छोट्या पिशव्या आल्या आणि ज्याच्या त्याच्या मांडीवर जाऊन बसल्या.

"हे कुणी केलं?" आबासाहेब गरजले. "कुणी केलं हे?"

झुंबरला तिसरा नियम आठवला. ती उभी राहिली.

"मी," ती म्हणाली. "नावं मी घातली. पण सामान तुमचं आहे, आबासाहेब. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्ही रुमाल लावून पुढे बसता. आम्हाला लावायला रुमाल नाही. आमची बाळं तिथेच झोपतात."

"खोटारडी! ही पोरगी खोटारडी आहे!" आबासाहेबांनी तिच्या हातातली टोचणी हिसकावली. "थांब, मीही नाव घालतो. हे पोतं हिच्या बापाचं!" आणि त्यांनी एका पोत्यावर घाईघाईने टोचलं: 'केरू'.

पोतं उठलं. केरूबाबांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. ते वळलं, व्यासपीठाच्या पायऱ्या चढलं आणि आबासाहेबांच्या गळ्यात पडलं. आतली उष्टी आमटी त्यांच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर ओघळली, आणि त्यांच्या हातून निसटलेली टोचणी झुंबरने उचलून घेतली.

"खोटं नाव घातलं की असं होतं," मागून म्हादबा म्हणाले. "आमच्या झुंबरनेसुद्धा एकदा अनुभव घेतलाय."

मग पांढऱ्या बंगल्यातल्या काकू मान खाली घालून उठल्या. "माझी पिशवी आहे," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी व्यासपीठावरचा वस्ती हलवण्याचा कागद टराटरा फाडला. सरही उठले. एकेक करत सगळे उठले. दुसऱ्या दिवशी आबासाहेबांनी स्वतःच्या हाताने टेम्पो भरला आणि कचरा डेपोवर नेला. बनात मुळाशी साचलेलं उरलंसुरलं उपसायला तर सगळं शहर आलं. आणि घंटागाडी त्या दिवसापासून टिणटिण करत वस्तीच्या पार शेवटच्या घरापर्यंत जाते.

पुढे ओढा निवळला. केवड्याला पहिलं कणीस आलं, तेव्हा परी त्यावर बसून पाय हलवत होती.

"टोचणीवर परागाचा एकच कण उरलाय," ती म्हणाली. "हा तुझा. काहीही माग. सोनं, मोती, रेशमी झगा?"

झुंबरने पुष्कळ विचार केला. मग ती घरी गेली आणि आपल्या उंबऱ्याच्या दगडावर, बारीक नेटक्या अक्षरांत, तिने आईचं, बाबांचं आणि स्वतःचं नाव घातलं. दगड क्षणभर उजळला. नाव घातलेलं घर! ते आता कुणालाच हलवता येणार नव्हतं, कारण ते आपल्या माणसांकडेच होतं. त्या उजेडात बाबांनी डोळे चोळले आणि खाली वाकून तिन्ही नावं एकेका ठिपक्यासह वाचली.

बाहेर परीने पंख पसरले. निळा, गुलाबी, सोनेरी प्रकाश बनभर सांडला, वाऱ्याची झुळूक आली, आणि परी त्या झगमगाटात विरून गेली. मागे उरला केवड्याचा वास, थेट बाजारपेठेपर्यंत.

आता एकच सांगायचं राहिलंय, आणि त्याचसाठी आईने गप्प राहायला सांगितलं होतं. त्या रविवारी आमच्याही दारात एक पिशवी येऊन बसली होती. आत झेंडूचं रोप होतं, ते आता अंगणात फुललंय. पिशवीवरचं नाव मी घाईने हाताने झाकलं. ते आईचं नव्हतं. बाबांचंही नव्हतं. ते होतं—

"अगं ए, घंटागाडी आली! डबा घेऊन पळ लवकर!"

आले गं आई, आले! ते नाव होतं... माझंच!