चंद्रावरून न पडलेली टेकडी

ज्या अरण्याच्या आकाशात एक सोडून दोन चंद्र उगवत, त्या अरण्यात एक साळू राहत असे. साळू म्हणजे अंगभर लांब काटे असलेले साळिंदर, हे तुम्हाला ठाऊक असेलच. अरण्याच्या मधोमध एक पवित्र टेकडी होती. वर्षातून एकदा, उत्सवाच्या दिवशी, तिचा इतिहास सांगण्याचा मान साळूच्या घराण्याकडे होता. उत्सवाची रीत साधी होती. वर चढताना प्रत्येकाने नदीकाठची ओली माती न्यायची, माथ्यावर टाकायची आणि पायांनी चेपायची. हत्तीण सोंडभर माती नेई, मुंगी एक कण नेई आणि दोघींचे कौतुक सारखेच होई.

साळूला आईकडून मिळालेला इतिहास जेमतेम चार वाक्यांचा होता. पूर्वी इथे सपाट माळ होता. दोन्ही चंद्र एकमेकांना भिडले तेव्हा नदी फुगली आणि अर्धे अरण्य वाहून गेले. उरलेल्यांनी माती आणून ही टेकडी रचली. तिच्यावर भर घालणे कधी थांबवू नका. बस्स, एवढेच! ते ऐकताना कोल्हा जांभया देई आणि माकड स्वतःच्या शेपटीशी खेळत बसे. साळूला फार वाईट वाटे. म्हणून एका वर्षी तिने गोष्टीला जरा तिखटमीठ लावले. "ही टेकडी धाकट्या चंद्रावरून खाली पडली," ती म्हणाली. कोल्ह्याची जांभई अर्ध्यावरच थांबली. पुढच्या वर्षी टेकडीच्या पोटात एक चंद्रमणी आला आणि त्याच्या पुढच्या वर्षी तो मणी गाऊही लागला. साळूचे नाव चहूकडे झाले आणि खरे सांगायचे तर ती थोडी फुशारलीसुद्धा.

मग एका उत्सवात मोर पुढे आला. त्याला टापटिपीची भारी हौस. "साळूबाई, चंद्रावरून आलेल्या टेकडीवर आपण नदीचा चिखल थापतो, हे शोभतं का? त्यापेक्षा हा चिखल खरवडून काढू या. आतला मणी तरी दिसेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याच दिवसापासून रानडुकरे नाकाडाने आणि ससे पंजांनी टेकडी उकरू लागले. टेकडी रोज थोडी थोडी बुटकी होत चालली. साळू हे सगळे पाहत होती. पण खरे सांगितले तर पुन्हा आपले कोण ऐकणार, या भीतीने तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

एका दुपारी तिने सहज वर पाहिले. भर उन्हात दोन्ही चंद्र आकाशात होते आणि त्यांच्यामध्ये फार तर एका पंजाचे अंतर उरले होते. नदीकाठच्या बिळात साळूची दोन पिल्ले झोपली होती. त्यांचे काटे अजून मऊच होते. साळू तशीच धावत टेकडीवर गेली.

"थांबा! उकरू नका. चंद्राची गोष्ट मी रचली. ही टेकडी तुमच्या-माझ्या खापरपणज्यांनी बांधली आहे, पुरातून जीव वाचवायला. आणि पूर येतोय."

"म्हणजे इतकी वर्षं आम्ही चिखलाच्या ढिगाऱ्याला नमस्कार करत होतो?" मोर म्हणाला. "आणि आजची गोष्ट खरी कशावरून?"

साळूने मान खाली घातली, आणि खाली पाहता पाहताच तिला ते दिसले. उकरलेल्या कडेला मातीचा एक जुना, टणक थर उघडा पडला होता आणि त्यात वाळूने भरलेला एक गोल खळगा होता. तिने पंजाने वाळू उपसली. "हत्तीणआजी, जरा इथे पाय ठेवून बघता?"

म्हाताऱ्या हत्तिणीने पाय ठेवला. तो खळग्यात अगदी बरोबर बसला. बाजूलाच सशांच्या पावलांचे ठसे होते, रानडुकरांच्या खुरांचे होते, मोराच्या तीन बोटांचेही होते. हत्तिणीने बराच वेळ पाय काढला नाही. "माझ्या खापरपणजीने इथे माती चेपलीय," ती हळूच म्हणाली, "आणि मी ती खरवडू देत होते."

मग कोणाला काही सांगावे लागले नाही. सात दिवस सोंडा, चोची, पंजे आणि खूर राबले. आठव्या दिवशी सकाळी चंद्र भिडले आणि नदी धावून आली. सगळे अरण्य माथ्यावर दाटीवाटीने उभे होते. साळूने पिल्लांना पोटाशी धरले होते. पाणी चढत चढत आले आणि माथ्याच्या वीतभर खाली थांबले. संध्याकाळी ते ओसरू लागले तेव्हा साळूचे ताठ झालेले काटे एकेक करून खाली बसले. तिला रडू आले आणि हसूही आले. शेजारी मोर उभा होता. त्याचा पिसारा चिखलाने माखला होता आणि त्याची त्याला जराही खंत नव्हती.

पुढच्या उत्सवात साळूने आईची चारच वाक्ये सांगितली. कोल्ह्याने जांभई दिली नाही. गोष्ट संपली तेव्हा साळूचे धाकटे पिल्लू आईला म्हणाले, "आता माती टाकू?" आणि माती टाकून आपल्या इवल्या पायांनी चेपू लागले.

तात्पर्य : पूर्वजांच्या कष्टांवर चमत्काराचा मुलामा चढवू नये. चमत्काराला नुसते हात जोडले जातात, कष्ट मात्र पुढे चालवता येतात.