आवडाबाईचा रुमाल

फार वर्षं झाली हो त्याला. खारवलीच्या किनाऱ्यावर आवडाबाई नावाची कोळीण जाळी विणायची. तिच्या जाळ्यातून मासा सोडा, पाणीसुद्धा विचारून बाहेर पडायचं, असं म्हणतात.

तिच्या लेकीचं, सगुणाचं, लग्न शहरातल्या घरात ठरलं. बोलणी करायला आलेल्या विहीणबाईंनी नाक मुरडत एक छापील कागद पुढे टाकला. "आमच्यात रुखवतात क्रोशाचा रुमाल लागतो. यात सगळं लिहिलंय. जमला तर लग्न, नाहीतर दुसरी मुलगी बघू."

सगुणाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. आवडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण ती एवढंच म्हणाली, "आणते की रुमाल!"

आता तिला कुठलं वाचता येतंय! मग शाळेचे फणसे मास्तर ओट्यावर बसून वाचायचे आणि ती विणायची. "सहा साखळ्यांचा गोल करा. त्यात बारा खांब घाला. पुढच्या फेरीत प्रत्येक खांबात दोन खांब." खांब म्हणजे काय, ते मास्तरांना ठाऊक नव्हतं. चित्र पाहून तिनंच ओळखलं, उभा टाका तो खांब.

पण रुमाल काही सपाट होईना. कडा वर वळायच्या आणि त्याची टोपी व्हायची. सात वेळा उसवलं, सातही वेळा टोपीच. गावातले टवाळ विचारायचे, "काय आवडाबाई, जावयाला टोपी घालताय होय?"

आठव्यांदा मास्तरांनी वाचलं, तेव्हा तिनं आपल्या हातांकडे नीट पाहिलं. जाळ्याच्या एका घरात एकच गाठ, हे तिच्या आजीपासूनचं वळण. कान ऐकत होते दोन आणि हात घालत होते एक!

"अगंबाई! कागद बरोबर आहे मास्तर, माझे हातच ऐकत नाहीत," म्हणत ती खो खो हसली. मग एका घरात दोन टाके पडले आणि फेरी तळहातासारखी सपाट बसली.

कागदाचं खालचं टोक फाटलेलं होतं. थांबायचं कुठे, ते काही कळेना. मग ती थांबलीच नाही. लग्नाच्या दिवशी तो रुमाल अख्ख्या मांडवावर पसरला आणि चारशे माणसं त्याच्या सावलीत बसली, असं म्हणतात.

विहीणबाईंनी आ वासला तो वासलेलाच. तेव्हा आवडाबाईनं सुई त्यांच्या हातात दिली. "शेवटचा टाका तुमच्यासाठी ठेवलाय, विहीणबाई."

भर मांडवात त्यांना घाम फुटला. टाका काही जमेना. शेवटी आवडाबाईनंच त्यांचा हात धरून शिकवलं. "पहिल्यांदा सगळ्यांचंच चुकतं हो," ती म्हणाली. सगुणाची मान त्या दिवशी अशी ताठ होती म्हणता!

आजही खारवलीची लेक बोहल्यावर चढायची असली, की रुखवतातल्या रुमालाचा एक टाका बाकी ठेवतात. कुणीतरी कागद मोठ्यानं वाचतं आणि नवऱ्या मुलाची आई, मग ती डॉक्टरीण असो की सरपंच, आवडाबाईचं नाव घेऊन तो टाका घालते. तोवर भटजीसुद्धा तोंड उघडत नाहीत.